प्रभू येणार आहे, मग मुलीची फी भरायची की नाही?

भांडुपच्या एका भगिनींनी लिहिलेल्या दीर्घ पत्राचा हा सारांश आहे. त्यांचे वय ४४ असून त्या एका खासगी शाळेच्या कार्यालयात लिपिक आहेत. पती ४९ वर्षांचे असून ऐरोलीच्या एका कारखान्यात गेली २३ वर्षे स्टोअरकीपर म्हणून नोकरी करतात. दोन्ही घराणी मराठी प्रॉटेस्टंट मंडळीतली, तीन पिढ्यांची. एप्रिल २०२१ मध्ये पतींचे थोरले बंधू कोविडने गेले आणि त्यानंतर पती मोबाइलवर एका प्रवचनकाराची शेवटच्या काळाविषयीची प्रवचने ऐकू लागले. आता बसमध्ये येता-जाता, जेवताना आणि रात्री झोप लागेपर्यंत तेच चालू असते. प्रभू येत्या तीन-चार वर्षांत येणार, अशी त्यांची खात्री झाली आहे. नोकरी सोडावी, पीएफची सगळी रक्कम काढून त्या प्रवचनकाराच्या सेवाकार्याला द्यावी, विम्याचे हप्ते थांबवावेत आणि मुलीने चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेण्यापेक्षा पूर्णवेळ सेवेत जावे, असे ते म्हणतात. इमारतीच्या पुनर्विकासात जास्तीची एक खोली मिळावी म्हणून कर्ज काढायला त्यांचा विरोध आहे. स्वयंपाकघराचे छत दोन पावसाळे गळते आहे. तेही दुरुस्त करायचे नाही, खाली पातेले ठेवायचे. भगिनी लिहितात, “मी हिशेबाची वही उघडली की ते म्हणतात, तुझा विश्वास प्रभूवर नाही, पासबुकावर आहे. भांडण झालं की मी गप्प बसते, पण रात्री खरंच वाटतं, मीच अविश्वासी आहे का?” मुलीच्या प्रवेशाची मुदत जवळ आली आहे.

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना पीएफ, विमा आणि कर्ज हेच मोठे वाटले. दुसऱ्यांदा वाचताना मात्र माझे लक्ष त्या पातेल्याकडे गेले. रात्री उठून ते ओतून पुन्हा जागेवर ठेवण्याचे काम तुम्ही आणि मुलगी आळीपाळीने करता, असे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या घरात प्रभूची वाट पाहण्याचा भार कोणावर पडतो आहे, हे मला त्या एका ओळीतून समजले.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण त्याने तुमची झोप उडाली आहे. तुम्ही अविश्वासी नाही. मुलीची फी कशी भरायची याचा हिशेब मांडणे हे पाप नाही. प्रभू येणार ही आपल्या मंडळीची कबुली आहे, ती तुम्ही सोडलेली नाही, आणि दर रविवारी “तुझे राज्य येवो” असे म्हणताना तुमचा आवाज खोटा नसतो. त्याच प्रार्थनेत, एका श्वासाच्या अंतरावर, प्रभूने आपल्याला रोजची भाकर मागायला शिकवले आहे. ज्याला राज्य मागायचे आहे त्याने भाकरीचा विचार सोडावा, असे त्याला म्हणायचे असते तर ते वाक्य तिथे आले नसते.

तुम्ही आणि तुमचे पती रोज भांडत असलात तरी एका गोष्टीवर तुमचे एकमत आहे, आणि मला शंका आहे ती त्याच गोष्टीविषयी. विश्वास एका पारड्यात आणि घरसंसार दुसऱ्या पारड्यात, असे तुम्ही दोघांनीही मनात धरले आहे. एक पारडे वर गेले की दुसरे खाली येणार. म्हणून ते संसारातून काढून विश्वासात घालू पाहतात, आणि तुम्ही संसार वाचवताना विश्वास उणा पडल्याची भीती बाळगता. हे पारडे शास्त्रातून आलेले नाही, आणि ते कुठून आले असेल याकडे मी थोड्या वेळाने येते.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात एक दाखला आहे. तो प्रभूने का सांगितला याचे कारणही लूकने तिथेच दिले आहे: प्रभू यरुशलेमेजवळ आला होता आणि देवाचे राज्य आत्ता, ताबडतोब प्रकट होणार असे लोकांना वाटत होते. म्हणजे श्रोते नेमके तुमच्या पतींच्या मनःस्थितीत होते. त्यांना त्याने एका उमरावाची गोष्ट सांगितली. तो दूर देशी जाताना दहा दासांना दहा मोहरा देतो आणि सांगतो की मी येईपर्यंत यांवर व्यापार करा. धनी परत येतो तेव्हा ज्यांनी मोहरा वाढवल्या त्यांना नगरे मिळतात. ज्याने मोहर रुमालात बांधून ठेवली त्याच्यावर तो रागावतो. त्या माणसाने चोरी केली नव्हती की उधळपट्टी केली नव्हती, फक्त धनी येईपर्यंतच्या काळाचे त्याने काही केले नव्हते. तुमच्या मुलीला मिळालेली बुद्धी आणि रुग्णाजवळ बसण्याची तिची आवड या मोहरांसारख्याच आहेत. चार वर्षे शिकून ती हातातले काम शिकेल. प्रभू दुसऱ्या वर्षी आला, तर ती त्याला एखाद्या वॉर्डात, कोणाची तरी ड्रेसिंग बदलताना सापडेल. त्यात लाजण्यासारखे काय आहे?

तुमचे पती प्रेषित पौलाने थेस्सलनीका इथल्या मंडळीला लिहिलेल्या दोन पत्रांचा वारंवार दाखला देतात, असे तुम्ही कळवले आहे. ती अगदी योग्य पत्रे आहेत, फक्त ती पूर्ण वाचायला हवीत. पहिल्या पत्राचे पाच अध्याय आहेत आणि पाचही अध्यायांच्या शेवटाकडे प्रभूच्या येण्याचा उल्लेख आहे, इतके ते या आशेने भरलेले आहे. तरीही त्याच पत्रात पौल आठवण करून देतो की आम्ही तुमच्यापैकी कोणावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस काम केले, आणि सांगतो की शांतपणे राहा, आपापला व्यवसाय करा, आपल्या हातांनी काम करा. दुसऱ्या पत्रापर्यंत तिथल्या काही जणांनी कामधंदा सोडलेला दिसतो. त्यांना त्याने फार स्पष्ट शब्दांत सुनावले: ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये. प्रभू लवकर येणार असे मानणारा आणि तंबू शिवून पोट भरणारा माणूस एकच होता, हे तुमच्या पतींना शांतपणे दाखवता येईल.

तारखा आणि वर्षे ठरवण्याविषयी मी फार लिहीत नाही, कारण त्या दिवसाविषयी पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, हे खुद्द प्रभूचे म्हणणे आहे. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. काही शेतकऱ्यांनी उभी पिके काढलीच नाहीत, आणि २३ तारखेची सकाळ त्यांच्यावर फार जड गेली. आपल्या आठवणीत, २०११ साली, हॅरोल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या प्रवचनकाराने आधी २१ मे आणि मग २१ ऑक्टोबर सांगितले. ऐकणाऱ्यांपैकी काहींनी आयुष्यभराची बचत त्यात घातली. पुढच्या वर्षी कॅम्पिंग यांनी चूक कबूल केली, पण बचत परत आली नाही. त्या लोकांची थट्टा करणारे पुष्कळ होते. मला त्यांची दया येते, कारण त्यांची प्रभूवरची ओढ खरी होती आणि कोणीतरी तिचा हिशेब चुकवला.

हीच ओढ तुमच्या पतींमध्येही खरी आहे, आणि ती मोडून काढायला मी तुम्हाला सांगणार नाही. आपल्या मंडळ्यांतून द्वितीय आगमनावर प्रवचन ऐकून किती वर्षे झाली, हे आठवून पाहिले तर मन खिन्न होते. वर्गणी, निवडणुका आणि चर्चच्या जागेचे वाद यांत आपण ती आशा कोपऱ्यात ठेवली आणि मग भुकेली माणसे मोबाइलवर वाढलेले ताट घेऊन बसली. माझी आजी भायखळ्याला बायबलबाई, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल सांगणारी सेविका, होती. खोलीच्या दाराच्या चौकटीवर तिने खडूने “मारानाथा”, म्हणजे “हे प्रभू, ये”, लिहिले होते आणि पुसट झाले की ती ते पुन्हा गिरवायची. झोपण्यापूर्वी ती आम्हा नातवंडांना विचारायची की आज रात्री प्रभू आला तर कोणाशी अबोला धरून झोपला नाहीत ना? आणि दर उन्हाळ्यात हीच बाई कैरीचे लोणचे घालायची, चिनी मातीची बरणी फडक्याने बांधायची आणि त्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवायची, म्हणजे जुनी बरणी आधी संपवता येईल. खडू आणि चिठ्ठी यांत तिला काही विसंगती वाटत नसे. मोठी होईपर्यंत मलाही वाटली नव्हती.

पंडिता रमाबाईंचे केडगाव आठवा. १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली तिथे होत्या. १९०५ साली मुक्तीमध्ये, म्हणजे त्यांच्या तिथल्या संस्थेत, मोठी आध्यात्मिक जागृती झाली तेव्हा मुली तासन्‌तास प्रार्थनेत असत. पण शेती चालू होती, विणकाम चालू होते, छापखाना चालू होता आणि मुली लिहायला-वाचायला व हातांनी कमवायला शिकत होत्या. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम आपल्या शेवटच्या दिवसांपर्यंत, एप्रिल १९२२ पर्यंत, सोडले नाही. स्वर्गाची इतकी ओढ असलेली दुसरी मराठी स्त्री मला तरी माहीत नाही, आणि विहिरी खणून घेणारीही.

आता त्या पारड्याविषयी. तुमच्या पत्रात दिरांच्या मृत्यूवर जेमतेम तीन ओळी आहेत: रुग्णालयाच्या दाराशी शेवटची भेट, मग थेट शिवडीच्या दफनभूमीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला देह, आणि दूर उभे राहू दिलेले धाकटे भाऊ, म्हणजे तुमचे पती. चेहरा पाहता आला नाही. घरी प्रार्थनासभा झाली नाही. त्यानंतर सहा आठवड्यांनी त्यांनी पहिले प्रवचन ऐकले, हे तुम्हीच लिहिले आहे, पण दोन्ही गोष्टी जोडलेल्या नाहीत. मला वाटते, त्यांना जगाचा शेवट तितकासा नको आहे, त्यांना भाऊ परत हवा आहे, आणि लवकर हवा आहे. थेस्सलनीकाकरांना पौलाने प्रभूच्या येण्याविषयी सविस्तर लिहिले ते नेमके कशासाठी, हे चौथ्या अध्यायात पाहा. मंडळीतली माणसे मेली होती, जिवंत उरलेले शोक करत होते आणि ती आता आपल्याला भेटतील का असे विचारत होते. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असे पौल त्यांना लिहितो. शोक करूच नका, असे तो म्हणत नाही. तुमच्या पतींना शोक करायला जागाच मिळाली नाही, म्हणून तो शोक नोकरीच्या राजीनाम्याचे रूप घेऊन आला असावा. माझा अंदाज चुकीचाही असू शकेल, पण तो तपासून पाहण्यासारखा आहे, कारण तो खरा असेल तर वचनांच्या वादाने काहीच सुटणार नाही.

तुम्हालाही एक प्रश्न विचारते, आणि तो रागाने घेऊ नका. जास्तीची खोली कशासाठी हवी आहे? पुनर्विकासात तुमच्या हक्काचे क्षेत्र मिळणारच आहे; वरच्या क्षेत्रासाठी मोठे कर्ज आहे आणि पतींच्या निवृत्तीला फार वर्षे उरलेली नाहीत. “शेजारचे सगळे घेत आहेत” हे कारण तुम्ही दोनदा लिहिले आहे. लूकच्या बाराव्या अध्यायातल्या त्या धनवानाला कोठारे पाडून मोठी बांधायची होती. त्याची चूक धान्य साठवण्यात नव्हती, त्याच्या बोलण्यात “माझे” याखेरीज कोणीच नव्हते, यात होती. यिर्मया संदेष्ट्याने वेढा पडलेल्या यरुशलेमेत अनाथोथचे शेत सतरा शेकेल चांदी मोजून घेतले, खरेदीखत मातीच्या भांड्यात ठेवले, आणि ते या देशात पुन्हा घरे-शेते विकत घेतली जातील या देवाच्या वचनाची खूण म्हणून. घर घेणे हेही विश्वासाचे काम असू शकते. पण तुमची खोली त्या जातीची आहे का, हे तुम्हालाच ठरवायचे आहे. या एका बाबतीत तुमच्या पतींच्या विरोधात तथ्य असेल आणि तुम्ही ते मोकळेपणाने मान्य केलेत, तर बाकीच्या गोष्टींवर तुमचे ऐकण्याची त्यांची तयारी वाढेल.

तुमच्यापुढे कोणते मार्ग आहेत, हे तुम्ही पत्रात मांडले आहे. सगळे मान्य करून गप्प राहणे हा पहिला. तो मी सुचवणार नाही, कारण जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही त्याने विश्वास नाकारला आहे असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात म्हटले आहे, आणि गप्प राहून तुम्ही पतींना त्या वाटेवर जाऊ देता. पैसे माहेरी किंवा बहिणीच्या खात्यात लपवणे हा दुसरा मार्ग, आणि त्याचा मोह मला समजतो. पण लपवलेले उघडे पडले की पासबुकाविषयीचा त्यांचा टोमणा खरा ठरेल. तुमच्या स्वतःच्या पगारातून तुम्ही जे साठवता ते तुमचे आहे. ते उघडपणे, सांगून साठवा. पाळकसाहेबांना बोलावणे हा तिसरा मार्ग चांगला आहे, फक्त ते समजूत काढायला आले असे वाटू देऊ नका. प्रकटीकरण, म्हणजे बायबलचे शेवटचे पुस्तक, सोबत बसून वाचायला या, असे त्यांना सांगा. पतींना शेवटच्या काळाविषयी बोलायला जिवंत माणूस मिळू द्या.

व्यवहाराच्या चार गोष्टी, ज्या अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांनाही उपयोगी पडाव्यात. सगळे प्रश्न एका भांडणात आणू नका. ज्याला मुदत आहे ते आधी, आणि मुदत फक्त प्रवेशाला आहे. मुलगी सज्ञान आहे, तिला जायचे आहे, पहिल्या वर्षाची फी तुमच्या बचतीतून निघते; ती भरा आणि पावती पतींच्या हातात द्या. पूर्णवेळ सेवेचे बोलावणे तिला स्वतःला आले तर परिचारिका होऊनही ती जाऊ शकेल. आपल्या मिशन रुग्णालयांचा इतिहास तेच सांगतो. राजीनामा आणि पीएफ यांविषयी त्यांच्याकडून फक्त एक वर्ष मागून घ्या. काढून खर्च झालेला पीएफ पुन्हा उभा राहत नाही आणि या वयात सोडलेली नोकरी सहज मिळत नाही; उलट वर्षभर थांबल्याने प्रभूचे काही अडणार नाही. विमा मध्येच सोडला तर हाती येणारी रक्कम कित्येकदा भरलेल्या हप्त्यांपेक्षाही कमी असते, म्हणून आधी विमा कार्यालयातून आकडा लेखी घ्या आणि मग बोला. छताचे काम मात्र कोणालाही न विचारता करून घ्या, पाऊस सुरू होण्याआधी.

ज्या सेवाकार्याला रक्कम द्यायची आहे, त्याची चौकशी करणे हा अविश्वास नव्हे. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते. नोंदणी क्रमांक, लेखापरीक्षित हिशेब आणि रीतसर पावती या तीन गोष्टी मागा. पौलाने यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला होता. जो प्रवचनकार हिशेब विचारल्यावर शाप देतो, त्याच्या हाती २३ वर्षांची कमाई देऊ नये, हे मी अगदी स्पष्टपणे सांगते.

पण फक्त “देऊ नका” एवढ्यावर हे थांबले तर तुमच्या पतींच्या हातात काहीच उरणार नाही, आणि त्यांना द्यायचे आहे. प्रेषितांच्या कृत्यांतील त्या पहिल्या विश्वासणाऱ्यांचे उदाहरण ते देतात ना, ज्यांनी जमिनी विकल्या? जग बुडणार म्हणून त्यांनी त्या विकल्या असे तिथे लिहिलेले नाही. ज्याला जशी गरज होती तसे त्याला वाटून देण्यासाठी विकल्या. मग गरज कोणाला आहे, ते तुम्ही दोघे मिळून शोधा. तुमच्या पत्राच्या शेवटच्या पानावर, ताजा कलम म्हणून, एक वाक्य आहे: “जाऊबाई कळव्याला असतात, शिवणकाम करतात, पुतण्या यंदा दहावी झाला, पण आमचं जाणं-येणं कमी झालंय.” सबंध पत्रात याच वाक्यापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले. ज्या भावासाठी तुमचे पती आकाशाकडे डोळे लावून बसले आहेत, त्याची विधवा आणि त्याचा मुलगा ठाण्याच्या पुढच्याच स्टेशनावर राहतात. याकोबाच्या पत्रात अनाथांचा व विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणे यालाच शुद्ध धर्माचरण म्हटले आहे. पीएफ न मोडता, दोघांच्या पगारांतून दरमहा एक ठरलेली रक्कम त्या घरासाठी काढता येईल. ती तुमच्या दशांशाखेरीज, म्हणजे मंडळीला दिल्या जाणाऱ्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाखेरीज, असावी, आणि ती नेऊन देण्याचे काम तुमच्या पतींनी करावे.

येत्या रविवारी उपासना सुटल्यावर दोघे मिळून कळव्याला जा. जाताना कोणतेही वचन पाठ करून जाऊ नका. दिरांचा एखादा जुना फोटो असेल तर सोबत न्या, त्यांच्याविषयी बोला, जी प्रार्थनासभा तेव्हा झाली नाही ती घेण्याची इच्छा आहे का ते जाऊबाईंना विचारा. आणि पुतण्याला विचारा, की अकरावीच्या प्रवेशाचे काय झाले.